कोपऱ्यातला गडी

भात झोडून होते, पेंढ्याची उडवी रचली जाते, वालाला चार पाने फुटतात, आणि आपल्या अलिबाग-पेणकडच्या खारेपाटात गावे रात्री जागू लागतात. गेल्या डिसेंबरात वालावरच्या मावा किडीबद्दल बोलायला मी असाच एका गावी गेलो होतो. समाजमंदिरात सतरंजी अंथरली होती, तक्ता भिंतीला टांगला होता, आणि समोर माणसे होती तीन. त्यांतले दोघे सत्तरीच्या पुढचे, तिसरा समाजमंदिराची किल्ली सांभाळणारा.

"साहेब, आज कबड्डी हाय," किल्लीवाला म्हणाला. "मावा काय, उद्या पण वालावरच असल."

त्याचे म्हणणे खोटे नव्हते. मी तक्ता गुंडाळला आणि त्याच्याबरोबर मैदानाकडे निघालो.

मैदान म्हणजे कापणी झालेले शेतच. धसकटे काढून, पाणी मारून, चोपून सपाट केलेले. चारी बाजूंनी दिवे, आणि दिव्यांखाली सारे गाव. बाया एका अंगाला, पोरे पुढे, म्हातारे खुर्च्यांवर. चढाईला एक उंच, चपळ मुलगा जात होता. तो मध्यरेषा ओलांडायचा तेव्हा त्याच्या नावाचा गजर उठायचा.

माझ्या शेजारी एक बाई उभ्या होत्या. त्या मात्र चढाईकडे बघत नव्हत्या. त्यांची नजर डाव्या कोपऱ्यात रुतली होती. तिथे एक आडव्या अंगाचा, गुडघ्याला पट्टी बांधलेला मुलगा वाकून उभा होता. समोरून चढाई आली, त्या मुलाने झेप घेऊन घोटा धरला, बाकीचे तिघे वर पडले, पंचांची शिट्टी झाली. लोक ओरडले, "पकड! पकड!" पण नाव कुणी घेतले नाही.

"तो कोपऱ्यातला माझा धाकटा," बाई म्हणाल्या. मग जरा थांबून हळूच विचारले, "साहेब, तुम्ही शिकलेले. खरं सांगा, या खेळावर त्याचं पोट भरंल का?"

त्यांच्या विचारण्यामागे कारण होते. पोर बारावीला बसायचे होते, पण पुस्तक उघडत नव्हते. गुडघा दोन महिने सुजत होता. आणि कुणी एक गृहस्थ घरी येऊन सांगून गेला होता की पैसे भरा, मुलाला मोठ्या संघात घालून देतो. त्यासाठी घरधनी दहा गुंठे विकायला निघाला होता. आपल्या भागात जमिनीला गिऱ्हाईक दारात उभेच असते, हे तुम्हाला सांगायला नको.

मी त्या रात्री उत्तर दिले नाही. पिकाचे विचारले असते तर लगेच सांगितले असते. हा विषय माझा नव्हता. पण प्रश्न मनातून जाईना. पुढे मी माहिती काढत गेलो, जुन्या खेळाडूंशी बोललो, वाचले. त्यातून जे हाती लागले ते आज तुमच्यापुढे ठेवतो.

धरणाऱ्याचे काम

कबड्डी तुम्हाला मी काय शिकवणार! पण घरातल्या ज्यांनी ती फक्त दुरून पाहिली आहे त्यांच्यासाठी दोन शब्द. पुरुषांचे मैदान १३ मीटर लांब आणि १० मीटर रुंद. एका बाजूला सात गडी. चढाई करणारा एकटा जातो, आणि समोर सातजण त्याची वाट अडवायला असतात. दोन टोकांना कोपरारक्षक, त्यांच्या आतल्या बाजूला मध्यरक्षक. कोपऱ्यातल्याने घोटा किंवा मांडी धरायची, मध्यरक्षकाने धडक देऊन बाहेर लोटायचे, आणि बाकीच्यांनी साखळी करून त्याला मध्यरेषेकडे परतू द्यायचे नाही.

चढाई करणारा चुकला तर तो एकटा बाद होतो. कोपऱ्यातला अर्ध्या पावलाने चुकला तर त्याच्याबरोबर आणखी दोघेतिघे स्पर्श होऊन जातात. म्हणजे त्याच्या चुकीची किंमत संघ भरतो. आणि त्याने काम बरोबर केले तर लोकांना एवढेच दिसते की समोरचा परत गेला नाही.

आपल्या खारभूमीचा बांध असाच असतो. भात चांगले आले की आपण बियाण्याची तारीफ करतो, खताची करतो, पावसाची करतो. बांधाची कुणी करत नाही. त्याची आठवण होते ती उधाणाच्या भरतीला खांड पडून खारे पाणी आत शिरल्यावर.

अमेरिकेतला बांध

आता तुम्हाला जरा दूर नेतो. माझी पुतणी अमेरिकेत ओहायो राज्यात असते. तिच्याशी फोनवर हा विषय निघाला, तेव्हा ती म्हणाली, "काका, इथल्या फुटबॉलमध्ये असेच गडी असतात. नुसते अडवायला ठेवलेले."

अमेरिकेत फुटबॉल म्हणतात तो आपल्या शाळेतला पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे. तो दोन्ही टोकांना निमुळत्या चेंडूचा, हातात घेऊन पळायचा आणि फेकायचा खेळ आहे. एका बाजूला अकरा गडी. चेंडू फेकणारा म्होरक्या मागे उभा असतो, आणि त्याच्यापुढे पाच धिप्पाड माणसांची रांग. समोरून धावून येणाऱ्यांना अडवायचे आणि म्होरक्याला चेंडू फेकायला तीन-चार सेकंद मिळवून द्यायचे, एवढेच त्या पाचांचे काम. पुढे फेकलेला चेंडू झेलण्याचीसुद्धा त्यांना सहसा मुभा नसते. गुण दुसरे मिळवतात, टाळ्या दुसऱ्यांना पडतात.

पुतणीच्या राज्यातल्या क्लीव्हलँड शहराच्या संघात जो थॉमस नावाचा असा एक गडी होता. जन्म १९८४ चा, विस्कॉन्सिन राज्यातला. उंची साडेसहा फूट, वजन १४० किलोच्या आसपास. २००७ साली व्यावसायिक संघांनी विद्यापीठांतले नवे खेळाडू निवडले, तेव्हा साऱ्या देशातून त्याची निवड तिसऱ्या क्रमांकावर झाली. मोठे खेळाडू त्या दिवशी नवे कपडे शिवून न्यूयॉर्कच्या समारंभाला गेले होते. हा गडी गेला नाही. तो वडिलांबरोबर मिशिगन सरोवरात होडी घेऊन मासे धरायला गेला होता. निवडीची बातमी त्याला होडीत कळली. रेवस-मांडव्याच्या आपल्या कोळी बांधवांना हे वाचून बरे वाटेल.

त्यानंतर तो एकाच संघातून अकरा हंगाम खेळला. डाव सुरू झाला की हा मैदानात, असे त्याने सलग १०,३६३ डाव काढले, एकही न चुकता. २२ ऑक्टोबर २०१७ ला दंडाच्या मागचा स्नायू फाटला आणि ती माळ तुटली. २०१८ च्या मार्चमध्ये त्याने खेळणे सोडले.

आता दुसरी बाजू ऐका. या अकरा वर्षांत त्याचा संघ अंतिम फेऱ्यांच्या स्पर्धेत एकदाही पोचला नाही. २०१७ च्या हंगामात तर सोळाच्या सोळा सामने हरला. संघ बुडत होता आणि हा माणूस रोज आपली जागा धरून उभा होता. तरीही २०२३ साली त्या खेळातल्या थोरांच्या मानाच्या दालनात त्याचे नाव लागले. जाणत्यांना बांध दिसतो तो असा.

पण मला त्याच्या कथेतली सर्वांत महत्त्वाची गोष्ट वाटली ती मागची. एवढे वजन टिकवायला त्याला भूक नसतानाही खावे लागे. खेळ सोडल्यावर काही महिन्यांतच त्याने वीस किलोंहून जास्त वजन उतरवले. खेळासाठी बांधलेले शरीर आणि जगण्यासाठी लागणारे शरीर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे त्याने ओळखले.

आणि हा तर नशीबवान. तिकडच्या खेळाडूंच्या संघटनेनेच सांगितलेला हिशेब असा, की त्या व्यवसायात माणूस सरासरी साडेतीन वर्षेही टिकत नाही. डोक्याला वारंवार बसलेल्या माराने पुढे आजारी पडलेल्या हजारो जुन्या खेळाडूंनी दावा लावला. त्यात मोठ्या भरपाईच्या तडजोडीला न्यायालयाने २०१५ साली मान्यता दिली. पैसा चांगला, पण हंगाम आखूड. हळव्या भातासारखा.

आपल्याकडचा हंगाम

आता परत आपल्या मैदानात येऊ.

आपल्या कबड्डीला नियमांत बांधण्याचे काम महाराष्ट्रानेच मोठ्या प्रमाणावर केले. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने हा खेळ जगाला दाखवला. १९९० साली बीजिंगच्या आशियाई स्पर्धेत तो पदकासाठी खेळला गेला, आणि तेव्हापासून २०१४ पर्यंत पुरुषांचे प्रत्येक सुवर्णपदक भारताने आणले. २०१८ साली जकार्तामध्ये मात्र इराणने आपल्याला उपांत्य फेरीत २७-१८ असे हरवले. आपले चढाईचे मोहरे नावाजलेले होते. तरी पूर्ण सामन्यात आपल्याला अठराच गुण मिळाले, कारण समोरची साखळी तुटली नाही.

पूर्वी आपल्या भागात चांगला खेळणारा मुलगा मुंबईला गिरणीच्या, बँकेच्या, रेल्वेच्या नाहीतर पोलिसांच्या संघात जाई. खेळ हा नोकरीचा दरवाजा होता, आणि नोकरी साठीपर्यंत घर चालवी. २०१४ साली प्रो कबड्डी सुरू झाली आणि खेळाला थेट भाव लागला. त्या पहिल्या लिलावात सर्वांत जास्त बोली १२ लाख ८० हजारांची होती. २०१८ साली इराणच्या फजल अत्राचलीला मुंबईच्या संघाने १ कोटी रुपये दिले. हा फजल चढाई करणारा नव्हे. तो डाव्या कोपऱ्यातला गडी! मुंबईच्या संघाचे कर्णधारपद त्याने केले, आणि पकडींचे ५०० गुण ओलांडणारा त्या स्पर्धेतला पहिला खेळाडू तोच ठरला. २०२३ साली पुण्याच्या संघाने मोहम्मदरेझा शादलू या इराणच्याच गड्याला २ कोटी ३५ लाख मोजले. त्याचेही बळ पकडीत. २०२४ च्या मार्चमध्ये पुण्याने अजिंक्यपद जिंकले.

आपली माणसेही मागे नाहीत. शेजारच्या ठाणे जिल्ह्यातला गिरीश इरनाक हा डाव्या कोपऱ्याचा खेळाडू २०१८ मध्ये भारताच्या आशियाई संघात होता. त्याच वर्षी जानेवारीत हैदराबादला सेनादलाला ३४-२९ असे हरवून महाराष्ट्राने अकरा वर्षांनी राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवले, त्या संघातही तो होता.

तेव्हा त्या बाईंच्या प्रश्नाचे पहिले उत्तर, होय, या खेळावर पोट भरते. कोपऱ्यातल्या गड्याचेही भरते.

पण उत्तर इथे संपत नाही. एका संघात मोजकेच खेळाडू, संघ बारा. साऱ्या देशातून आणि परदेशातूनही माणसे येणार. आपल्या एका तालुक्यात रात्री दिव्याखाली किती मुले खेळतात ते तुम्हीच मोजा. कोटीची बोली वर्तमानपत्रात येते, पण निवड न झालेल्याचे नाव येत नाही. आणि निवड झाली तरी स्पर्धा वर्षातून दोन-तीन महिने. करार संपला, गुडघा गेला, की पुढच्या लिलावात तुमचे नाव कुणी उच्चारील याची हमी नाही.

बांध राखायचा कसा?

पीक जोखमीचे असले म्हणून आपण ते घ्यायचे थांबत नाही. जोखीम ओळखून घेतो. तसेच इथे करावे. ज्यांच्या घरी असा मुलगा किंवा मुलगी आहे, त्यांना मी पाच गोष्टी सांगतो.

पहिली, शाळा सोडू देऊ नका. महाराष्ट्र शासनाच्या नोकऱ्यांत गुणवंत खेळाडूंना ५ टक्के जागा राखीव आहेत. पण त्या पदाला लागणारे शिक्षण लागतेच. बारावी नापास मुलाचे पदक कपाटात राहते.

दुसरी, कागद जपा. राज्य आणि राष्ट्रीय स्पर्धांची प्रमाणपत्रे एका फाइलमध्ये ठेवा. नोकरीसाठी त्यांची क्रीडा खात्याकडून पडताळणी होते. कुठली स्पर्धा धरतात आणि कुठली नाही, हे जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांच्या कचेरीत जाऊन आधीच विचारा. गावच्या स्पर्धेचा ढालीएवढा मोठा चषक तिथे उपयोगी पडत नाही.

तिसरी, दुखणे अंगावर काढू नका. कोपऱ्यातल्या गड्याचा गुडघा, घोटा आणि खांदा हीच त्याची अवजारे. गुडघ्यात हाडे धरून ठेवणारे पट्टे असतात. ते फाटले तर मालिशने जुळत नाहीत. गुडघा सुजला, लचकतो, खाली बसताना सरकल्यासारखा होतो, तर हाडांच्या डॉक्टरला दाखवा. बैलाचा पाय सुजला तर आपण त्याला जू लावत नाही. पोराला का लावावे?

चौथी, खाणे आणि वजन. तिकडच्या त्या गड्याला वजन वाढवावे लागे. आपल्याकडे उलट आहे. वरिष्ठ पुरुषांत ८५ किलोंची मर्यादा असते, कुमारांत त्याहून कमी. मग मुले वजनाच्या आदल्या दिवशी पाणी तोडतात, उपाशी पळतात. हे घातक आहे. वर्षभर नाचणीची भाकरी, वाल-मूग, अंडी, मासळी, ताक असे घरचे खाणे ठेवले, तळलेले आणि बाटलीतले गोड पेय टाळले, तर वजन आपोआप ताब्यात राहते. डब्यातल्या महागड्या पुडी कुणी सांगितल्या म्हणून घेऊ नका. त्यांत बंदी असलेले औषध निघाले तर खेळाडूवर बंदी येते.

पाचवी आणि सर्वांत मोठी, जमीन विकून संघ मिळत नाही. चांगला संघ खेळाडूला पैसे देतो, त्याच्याकडून मागत नाही. कुणी पैसे भरून जागा मिळवून देतो म्हणाला, तर त्याला चहा पाजा आणि वाटेला लावा. मुलगा खरोखर चमकला आणि दोन पैसे आले, तर आधी घरावरचे कर्ज, मग शेताचा बांध, मग बँक. मोटारगाडी सर्वांत शेवटी.

पुन्हा त्या गावी

एप्रिलमध्ये मी त्या गावी परत गेलो. वालाच्या शेंगा घरात आल्या होत्या, आणि गावकीने बांधाच्या दुरुस्तीला हात घातला होता. खेकड्यांनी पोखरलेली बिळे उकरून त्यांत चिखल-माती चोपून भरायचे काम चालले होते. उघाडीच्या दारापाशी घरधनी भेटला. मी काही विचारायच्या आतच म्हणाला, "नाय विकली, साहेब."

झाले असे, की मी जानेवारीत बाईंना निरोप पाठवला होता, आधी गुडघा दाखवा, बाकीचे मग. डॉक्टरांनी तपासून सांगितले की पट्टा थोडा फाटला आहे, मैदानात उतरायचे नाही, सांगतो ते व्यायाम करायचे. मुलगा चार दिवस जेवला नाही. त्याच मुदतीत त्या गृहस्थाने पुन्हा पैशासाठी माणूस धाडला. घरधन्याने त्याला सरळ सांगितले, "पोराचा गुडघा बरा नाय, घेता का तसाच?" तो माणूस परत आला नाही. त्याला पोराचा गुडघाही नको होता आणि खेळही नको होता, हे घरच्यांना तेव्हा उमगले.

मुलाने बारावीचे पेपर दिले होते. निकाल यायचा होता. तो बांधाच्या उतारावर बसून होता, मातीची पाटी उचलायला आईने बंदी केली होती. मी त्याच्याजवळ बसलो आणि त्याला त्या अमेरिकेतल्या गड्याची गोष्ट सांगितली. होडीची, दहा हजार डावांची, आणि सोळा पराभवांची. त्याने सगळे ऐकून घेतले. मग विचारले, "सर, एवढं हरत होते, तरी रोज उभा राहायचा?"

"रोज," मी म्हटले.

तो काही बोलला नाही. समोर भरती चढत होती. पाणी बांधाला टेकले होते आणि आतल्या बाजूची जमीन कोरडी होती.

येत्या हिवाळ्यात तो खेळेल की नाही, ते डॉक्टर ठरवतील. मोठ्या संघात जाईल की नाही, ते काळ ठरवील. पण दहा गुंठे जागेवर आहेत, बारावीचे पेपर दिले आहेत, आणि गुडघ्यावर इलाज चालू आहे. त्या माउलीला मी आता उत्तर देऊ शकतो. वहिनी, खेळावर पोट भरेल न भरेल, पण तुमच्या पोराचा बांध शाबूत आहे.

आणि वाचकहो, तुमच्या गावच्या मैदानावर पुढच्या खेपेला पकड झाली, की नुसते "पकड" म्हणून ओरडू नका. कुणी धरली ते बघा, आणि त्याचेही नाव घ्या.